उद्याभार

रणधीर खराडेला नऊ नंबरचा पलंग मिळाला. त्याबरोबर एक धुतलेली चादर, स्टीलचं ताट, पेला आणि मनगटावर बांधायचा निळा पट्टा. पट्ट्यावर त्याचं नाव, वय अठ्ठावन्न, गाव पलूस, आणि खाली 'नातलग' असं छापलेलं होतं.

"सिस्टर, कायतरी घोटाळा झालाय," तो म्हणाला. "पेशंट माझी बहीण हाय. मी तिला न्यायला आलोय."

"घोटाळा नाही, काका. बहीण बरी आहे तुमची. आता तुमचं बघायचं," असं म्हणून सिस्टरनी पट्ट्याचं बटण दाबलं आणि त्या पुढच्या पलंगाकडे गेल्या.

येरळा नदीच्या काठावरच्या त्या मनोरुग्णालयात २०६१ साली चाळीस खाटांचा एक कक्ष होता आणि त्यात एकही मनोरुग्ण नव्हता. तिथे भाऊ होते, नवरे होते, सुना होत्या, एक निवृत्त मुख्याध्यापक होते आणि एक सासूबाई होत्या, ज्या तीन दिवस भेटेल त्याला सांगत होत्या की मला इथे फसवून आणलंय. शहाण्यासुरत्या माणसांना मनोरुग्णालयात भरती करून घ्यायची ही पद्धत कशी पडली, ते आधी सांगायला हवं.

मनोरुग्णालयांत फार पूर्वीपासून एक साधा उपचार होता. त्याला उपायकेंद्री उपचार म्हणत. त्यात आजाराची मुळं खणत बसायचं नाही, माणसाला सरळ पुढचं विचारायचं. समजा, आज तुम्ही झोपलात, झोपेत काही चमत्कार झाला आणि त्रास नाहीसा झाला. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय वेगळं दिसेल? त्रास कमी असतो अशी एखादी वेळ आहे का? तेव्हा तुम्ही काय करत असता? शून्य ते दहात आज कुठे आहात? तीनवर? मग दोनवर का नाही? एवढे चार-पाच प्रश्न आणि पाच-सहा बैठका. औषधं सोबत चालूच असत. औषधांनी कानातले आवाज थांबत आणि ह्या प्रश्नांनी माणूस उठून कामाला लागे.

मग यंत्र आलं. कालची आठवण काढताना मेंदूचे जे भाग जागे होतात, तेच भाग उद्याचं चित्र रचतानाही जागे होतात, हे जुनंच ज्ञान होतं. नवं कळलं ते असं, की उद्याची चित्रं दोन जातींची असतात. एक नुसती बोलायची. दुसरी अशी, की ती रचता रचता मेंदू हातापायांना, भुकेला, झोपेला आगाऊ निरोप धाडू लागतो. हे निरोप मोजता आले. एखादा उद्या मेंदूने किती अंगावर घेतला आहे, त्या मापाला नाव मिळालं 'उद्याभार'. औषधं लागू पडली आणि रुग्णाचा उद्याभार सातच्या वर गेला की तो घरी जायला तयार, असा हिशेब बसला.

तरीही घरी गेलेले निम्मे रुग्ण वर्षाच्या आत परत येत. तेव्हा कुणीतरी ते यंत्र नातेवाइकांच्या डोक्याला लावून पाहिलं आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. रुग्णांच्या उद्यात घर भरून वाहत होतं. घरच्यांच्या उद्यात रुग्ण कुठेच नव्हता. त्या वर्षापासून, म्हणजे २०५४ सालापासून, नियम झाला: न्यायला येणाऱ्याच्या उद्यात रुग्णाचा भार सात भरला पाहिजे. तोवर त्याला जास्तीत जास्त पाच दिवस ठेवून घ्यायचं आणि तेच चार-पाच प्रश्न त्याला विचारायचे. तरी नाही भरला, तर रुग्णाची फाइल एक वर्ष बंद, तोवर सुटका नाही.

रणधीरची बहीण तेजश्री बावीस वर्षं इथे होती. चोविसाव्या वर्षी तिला आवाज ऐकू येऊ लागले आणि त्यानेच तिला इथे आणून सोडलं. सुरुवातीला तो दर महिन्याला यायचा, पुढे दिवाळीला. मग एका दिवाळीला बायको आजारी होती, दुसऱ्या दिवाळीला दुकानात गर्दी होती, आणि तिसऱ्या दिवाळीला कारण शोधायचीही गरज पडली नाही. असं करत सहा वर्षं तो फिरकला नाही. मध्ये बायको गेली, मुलगा हैदराबादला स्थायिक झाला. मग इस्पितळाचं पत्र आलं, की तेजश्री बरी आहे, न्यायला या. पत्र वाचून त्याला इतकी लाज वाटली की दुसऱ्याच दिवशी पिशवी भरून तो निघाला. तो मनाने वाईट नव्हता. आपल्यातले बहुतेकजण असतात तेवढाच होता.

*

डॉक्टर ओवी कुंभोजकर चाळिशीच्या आतबाहेरची, बारीक चणीची बाई होती. तिने रणधीरच्या डोक्यावर पातळ टोपी चढवली आणि समोर पडदा लावला.

"काका, समजा, आज तुम्ही झोपलात आणि झोपेत चमत्कार झाला. उद्या सकाळी उठलात, तर काय दिसतंय?"

उत्तर तयार होतं. शेजारच्या पलंगावरच्या मुख्याध्यापकांनी त्याला आदल्या संध्याकाळी पढवून ठेवलं होतं. "सकाळी सहाला उठलो. तेजू उठलेली हाय. मी च्या ठेवला, तिला दिला. लई बरं वाटलं. मग दुकान उघडलं, आत गेलो, काम केलं, दुपारी दोघं जेवलो."

पडद्यावरची रेघ बहुतेक आडवीच गेली.

"दोन," डॉक्टर म्हणाली.

"दहापैकी?"

"दहापैकी."

"मग मशीन बिघडलंय तुमचं. मी खरं बोलतोय."

"खरं बोलताय म्हणून तर ठेवून घेतोय. खोटं बोलणाऱ्यांना आम्ही परत पाठवतो. तोंड खरंच बोलतंय, काका. पण मेंदूनं अजून तिच्यासाठी कप खाली काढलेला नाही."

रणधीरचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळलेल्या मोटरी उघडायच्या आणि त्यांत तांब्याची तार नव्याने गुंडाळायची, हे काम त्याने पस्तीस वर्षं केलं होतं. तो म्हणाला, "म्हंजे मोटर नुसतीच फिरतीय. लोड घेतलेला न्हाई तिनं."

"बरोबर. अगदी तेच," डॉक्टर म्हणाली आणि तिने ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

दोन म्हणजे नापास. म्हणजे पाच दिवसांनी पिशवी उचलून एकट्याने पलूसला परत. आणि सांगायला हवं, की ह्या विचाराने रणधीरला सुटल्यासारखं वाटलं. आपण आलो, सही केली, टोपी घातली. यंत्रच नाही म्हणालं, आपण काय करणार?

"आत्ता एकदम बरं वाटलं ना तुम्हाला?" डॉक्टरने पडद्याकडे बघत विचारलं.

रणधीरचे कान लाल झाले. डॉक्टर मात्र रागावली नाही. ह्या खोलीत बसून सगळ्यांनाच कधी ना कधी असं बरं वाटतं, हे तिला माहीत होतं.

"आपण आठ कुठं गेले ते बघायचं नाही. दोन कुठून आले ते बघू. शून्य का नाही?" तिने रेघ मागे नेली. "तुम्ही चहाचं बोललात तिथं काही नाही. जेवणाला काही नाही. दुकान उघडून आत गेलात, तिथं रेघ उचलली. काय होतं आत?"

रणधीर म्हणाला, "तेजू वेढे मोजायची."

"म्हणजे?"

"तार गुंडाळताना वेढे मोजायला लागतात. एका कॉइलला चौसष्ट म्हंजे चौसष्ट. एक जादा झाला तरी मोटर तापती. मी हँडल फिरवायचो आन ती स्टुलावर बसून मोजायची, मोठ्यानं. कधी म्हंजे कधी चुकली न्हाई. आता मोजायचं मीटर हाय माझ्याकडं."

"तिला आवाज ऐकू यायला लागले, तेव्हासुद्धा मोजायची?"

"तवाबी. उलट मोजताना तिला आवाज यायचं न्हाईत. मी बघितलंय की. स्टुलावरनं उठली, का चालू."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "हे आधी कुणाला सांगितलं होतं?"

"कुणी इचारलंच न्हाई. आजार कवापासनं, घरात आणि कुणाला हाय, जेवती का, झोपती का, एवढंच इचारलं सगळ्यांनी."

*

पुढच्या दिवशी डॉक्टरने त्याच्यासमोर इस्पितळाच्या भांडारातले तीन जळके पंखे आणून ठेवले. उपचाराची रीतच अशी होती, की रेघ जिथे उचलली तिथेच थोडं जास्त काम करायचं. रणधीर कक्षाच्या व्हरांड्यात पंखे सोडवत बसला. फसवून आणलेल्या सासूबाई जवळ येऊन बसल्या आणि त्याला वेढे मोजून देऊ लागल्या. त्या तिसाच्या पुढे हमखास चुकायच्या आणि त्याच्यावरच ओरडायच्या. तेजू असती तर, असं रणधीरच्या मनात पहिल्यांदा आपणहून आलं.

रोजची बैठक एकाच प्रश्नाने सुरू व्हायची: कालपासून काय बरं झालं? तिसऱ्या दिवशी त्याने सांगितलं, की दुकानामागच्या खोलीत तारेची रिळं पडलीत, ती माळ्यावर टाकली तर तिथं पलंग बसतो. रेघ चारला गेली. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "ती उठल्या उठल्या भांडणार बघा. खोलीला किती धूळ म्हणून. आन मी घोरतो म्हणून. लहानपणी उशी फेकून मारायची." तेव्हा रेघ एकदम सहावर चढली.

"भांडणाला चढली?" रणधीरने विचारलं.

"नेहमी तिथंच चढते. ज्या उद्यात सगळे गोड बोलतात तो मेंदू अंगावर घेत नाही. त्याला ते पटतच नाही," डॉक्टर म्हणाली.

ह्या दिवसांत त्याने तेजूला पाहिलं नव्हतं. सात भरल्याशिवाय रुग्णाची भेट नाही, असा कडक नियम होता. रुग्णाच्या मनात आशा लावायची आणि मग नातलगाने चारावर अडकायचं, असं पूर्वी फार झालं होतं. नियम दयेपोटीच केलेला होता, पण त्यात एक चूक राहून गेली होती, आणि ती सात वर्षांत एवढ्या शिकल्यासवरलेल्या माणसांतल्या एकाच्याही लक्षात आली नव्हती.

पाचव्या दिवशी रणधीरने टोपी घातली, डोळे मिटले आणि बोलायला सुरुवात केली. तो काय बोलला ते त्याला नंतर नीट आठवलं नाही. पोहे होते, कांदा कोण चिरणार ह्यावरून वाद होता, खोलीच्या खिडकीला लावायची जाळी होती. बोलता बोलता त्याचे हात नकळत हँडल फिरवल्यासारखे हलू लागले. डोळे उघडले तेव्हा डॉक्टर हसत होती.

"सात पूर्णांक चार."

रणधीर तिथेच ओक्साबोक्शी रडला. लाज, थकवा, आनंद सगळं एकदमच बाहेर पडलं. कक्षात बातमी गेली, तेव्हा मुख्याध्यापक स्वतः पावणेपाचावर अडकलेले असूनही त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

*

तेजश्री इस्पितळाच्या रोपवाटिकेत होती. ती तोंड फिरवेल, शिव्या देईल, सहा वर्षं कुठं मेला होतास म्हणून विचारेल, ह्या सगळ्याची त्याने तयारी केली होती.

शेहेचाळीस वर्षांची, पांढऱ्या केसांची एक बाई खुरपं बाजूला ठेवून उठली. "दादा, किती वाळलास रे," ती म्हणाली. "वहिनी गेल्याचं कळलं मला. बस की."

एवढंच. मनावरचा धोंडा उतरला म्हणजे काय, ते रणधीरला त्या क्षणी कळलं. तो मातीतच बसला. तिने त्याला जंगली गुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा कसा भरायचा ते दाखवलं. खुंटाच्या सालीला चीर द्यायची, त्यात कळीचा इवलासा तुकडा सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. तिचे हात जराही थरथरत नव्हते. दिवसाला दीडशे डोळे भरते, त्यातले एकशे चाळीस धरतात, असं तिने सांगितलं.

शेवटची औपचारिकता म्हणून डॉक्टरने तिच्या डोक्यावर टोपी ठेवली. तिचा भार दोन वर्षं नऊच्या खाली आलेला नव्हता, आता फक्त कागदावर नोंद हवी होती. "तेजाताई, उद्या सकाळी काय दिसतंय?"

"पाचला जाग आली," तेजश्री लगेच म्हणाली. "विट्याला. यास्मिन माझ्याआधी उठलीय, तिनं च्या ठेवलाय, त्यात साखर लई घातलीय. मी बोलले तिला. मग दोघी खाली नर्सरीत गेलो. रात्रीची पट्टी सुटलीय दोन रोपांची. त्या आधी बांधल्या."

यास्मिन मुल्ला दोन वर्षांपूर्वी इथूनच सुटली होती. तिला तिच्या मावशीने नेलं होतं आणि आता विट्याला तिची स्वतःची रोपवाटिका होती, हे डॉक्टरला माहीत होतं. तेजश्री बोलत राहिली. रेघ नऊच्या वर होती. डॉक्टर वाट बघत होती. शेवटी तिने विचारलं, "आणि दादा?"

"दादा?" तेजश्रीला प्रश्नच कळला नाही. "दादा त्याच्या घरी असंल की."

रेघ किंचितही हलली नाही. हा प्रश्न तिच्या रेघेला कधी लावूनच पाहिला नव्हता, हे डॉक्टरच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा उतरला. सात वर्षं त्यांनी शेकडो नातलगांच्या उद्यात रुग्ण शोधला होता. रुग्णाच्या उद्यात तो नातलग आहे का, हे एकदाही पाहिलं नव्हतं. रुग्णाला घरचे हवेच असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

"तेजाताई, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुम्ही रोज इचारता काय दिसतंय. जे दिसतंय ते मी सांगते. जे दिसत न्हाई ते कसं सांगू?" मग ती भावाकडे वळली. "रागानं न्हाई रे दादा. शपथ. राग हुता, तो बी कवाच गेला. तू आलास, लई बरं केलंस. तुझा सात भरल्याबिगर मला गेटाबाहेर सोडत नव्हतं. आता जाते मी. यास्मिन टेम्पो घिऊन यील."

नियम खरोखरच तसा होता. नातलगाचा भार सात हवा, एवढंच त्यात लिहिलेलं होतं. रुग्णाने राहायचं कुठे ते लिहिलेलंच नव्हतं. डॉक्टरने कागद पुढे केला. रणधीरने सही केली. बावीस वर्षांनी आपल्या बहिणीला कुलूप नसलेल्या दारातून बाहेर जाताना बघायला मिळणार, आणि ते आपल्या सहीने, ह्याचा त्याला मनापासून आनंद झाला. दुपारी टेम्पो आला. यास्मिनने त्याला दादा म्हणून हाक मारली, विट्याला या म्हणाली. तेजश्री रोपांच्या ट्रेंच्या मध्ये बसली, टेम्पो वळेपर्यंत हात हलवत राहिली, आणि मग पुढे बघू लागली.

*

पिशवी भरून रणधीर डॉक्टरच्या खोलीत गेला. "मॅडम, एक इचारायचं हुतं. त्यो माझा सात हाय, तो आता काढायचा कसा?"

डॉक्टरने मान खाली घातली. "आम्ही चढवायला शिकलो, काका. उतरवायची वेळ कधी आलीच नव्हती."

"म्हंजे उद्या सकाळी उठलो की..."

"मेंदू तिला धरूनच उठणार. हात दुसरा कप काढेल. तुम्ही ती खोली आवरायला घ्याल. कळत असून." मग ती म्हणाली, "चूक आमची आहे. तुम्ही आठ दिवस राहा, काहीतरी शोधून काढू."

रणधीर खुर्चीच्या टोकावर बसला. "तिच्या उद्यात मी कधीच नव्हतो का, ते बघता यील?"

सगळ्या बैठकांचं ध्वनिमुद्रण ठेवलेलं होतं. डॉक्टरने सात वर्षांपूर्वीची पहिली फाइल लावली. तेजूचा आवाज खोलीत आला. तोच, पण घाईतला: "सकाळी उठले, तर दादा आलाय." औषधं तेव्हा अजून पुरती लागू पडली नव्हती, पण भार नऊ. पुढचा महिना: "दादा आलाय." नऊ. त्याच वर्षीच्या दिवाळीला तो शेवटचा आला होता. नंतरचं वर्ष, तेच वाक्य, आठ. मग सहा. मग "दादा येईल बहुतेक," साडेतीन. डॉक्टर एकेक फाइल पुढे नेत होती आणि दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. एका फाइलमध्ये ते वाक्य नव्हतं. पुढच्याही फाइलमध्ये नव्हतं. पुढे यास्मिनचं नाव आलं.

"किती दिस लागलं?" रणधीरने विचारलं.

डॉक्टरने तारखा पाहिल्या. "तुम्ही यायचे थांबलात तिथून चार वर्षं."

"कुठल्या औषधाबिगर?"

"औषधाशिवाय. आपोआप उतरला."

रणधीरने मान हलवली आणि पिशवी उचलली. आठ दिवस राहायची गरज नाही, असं त्याने सांगितलं. डॉक्टरला वाटलं की उतरतो हे कळल्यामुळे माणूस सावरला, आणि तिने सुटकेचा श्वास सोडला. रणधीरलाही हायसं वाटलं होतं, पण कारण वेगळं होतं. भार आजच उतरला असता तर उद्या सकाळी तो पुन्हा एकटा उठला असता. आता निदान चार वर्षं रोज सकाळी तेजू घरी असणार होती.